सहा प्लस एक

कमांडो युनिटमध्ये माझी पोस्टिंग झाली ती सिग्नल ऑपरेटर म्हणून. आज मी इंदूरला, विजय नगरमधल्या एका आयटी कंपनीत सिक्युरिटी इन्चार्ज आहे. कमांडो होतो हे कळलं की तिथल्या मुलांचा प्रश्न ठरलेला असतो, सर, कितने मारे? मी सांगतो, एकही नाही. त्यांची तोंडं उतरतात. पण ते खरं आहे. अख्ख्या लढाईत माझ्या हातात रायफलपेक्षा रेडिओचा हँडसेटच जास्त होता.

युनिटमध्ये इंदूरकडचे आम्ही दोघे. दुसरा लान्स नाईक विनोद, तोही ऑपरेटर, तोही माझ्यासारखा इंदूरजवळच्या महू छावणीचा. आमच्या घरांमध्ये एका गल्लीचं अंतर. त्याचे आजोबा फौजेत होते, माझे वडील फौजेत होते. आमच्या वस्तीत भरतीला छाती किती लागते हे पोराला शाळेतल्या पाढ्यांआधी माहीत होतं. आमचं मराठी ऐकून साताऱ्याकडचे एक सुभेदार कपाळाला हात लावायचे. म्हणायचे, त्यापेक्षा तुम्ही हिंदीच बोला, ती जास्त समजते.

पुढचं समजण्यासाठी आमच्या कामाच्या दोन गोष्टी सांगायला हव्यात. शत्रू इतका जवळ असेल की तोंडातून शब्द काढता येत नाही, तेव्हा ऑपरेटर हँडसेटचं बटण फक्त दाबतो. ऐकणाऱ्याला 'टक' असा आवाज येतो. एक टक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. संख्या हवी असेल तर आधी 'गिनती' म्हणायचं, मग जितके टक तितकी संख्या. दुसरी गोष्ट आमच्या युनिटची सवय. सात जणांचं पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, असली तरी आम्ही 'सहा प्लस एक' म्हणायचो. तो एक म्हणजे ऑपरेटर. कुठलीही मोजणी देताना ऑपरेटर स्वतःला धरत नसे. त्याला काही झालं तर सेट दुसरा कोणी उचलेल आणि तो सांगेल, हे गृहीतच होतं. जोवर सेटवर ऑपरेटर आहे, तोवर ऑपरेटर ठीक आहे.

त्या दिवशी विनोद सहा प्लस एकमधला एक होता. एका कॅप्टनसाहेबांचं पेट्रोल शत्रूच्या चौकीखालच्या उतारावर टेहळणीला गेलं होतं. मी खाली बेसवर सेटला होतो. धुकं सकाळी नऊपर्यंत टिकेल असा अंदाज होता. ते साडेपाचलाच उठलं.

०५४० ला विनोदचा आवाज आला, कुजबुजल्यासारखा. "कॉन्टॅक्ट. ऊपर चालीस मीटर. अब क्लिक पे. ओव्हर."

त्यानंतर त्याचा आवाज मी कधी ऐकला नाही.

मी विचारलं, कॅज्युअल्टी? एक टक. गिनती? टक, टक. दोन. कॅप्टनसाहेब त्यात आहेत का? हो. बाकीचे दगडाआड आहेत का? हो. हलता येतं का? नाही. माझ्यामागे युनिटचे कमांडिंग ऑफिसर, सीओसाहेब, उभे होते. मी त्यांना सांगितलं, दोन जखमी, सर.

उतार उघडा होता. दिवसाउजेडी तिथे माणसं पाठवणं म्हणजे आणखी माणसं गमावणं. तोफा चालवाव्यात तर शत्रू आणि आमची पोरं यांत चाळीस मीटर. सीओसाहेबांनी ठरवलं, दुपारी ढग खाली उतरतात, त्यांची वाट बघायची. वाट बघणं हे सगळ्यात वाईट काम. त्यातून मी सेटवर होतो, म्हणजे वर काय चाललंय हे मला कळत होतं आणि करण्यासारखं काही नव्हतं. दर अर्ध्या तासाने मी बोलवायचो. पाणी आहे? दारूगोळा? वरून हालचाल? प्रत्येक प्रश्न आणि उत्तर लॉगमध्ये वेळेसकट लिहायचो.

सेटवर कामाशिवाय बोलायचं नसतं. अकराच्या सुमाराला मी तो नियम मोडला. मराठीत म्हणालो, "विन्या, टेन्शन नको घेऊ भिया. ढग आले की निघतोच आपण."

एक टक आला. मला बरं वाटलं.

एक वाजल्यापासून त्याचे टक उशिरा येऊ लागले. प्रश्न विचारून मी पाच-सहा सेकंद थांबायचो, मग एक टक यायचा, अर्धवट. मी सेटचा माणूस. माझ्या डोक्यात पहिलं काय यावं? बॅटरी. वरच्या थंडीत बॅटरी लवकर उतरते. ती पुरावी म्हणून मी अर्ध्या तासाऐवजी तासाने बोलवायला लागलो. मी त्याची बॅटरी वाचवत होतो.

१४१० ला ढग उतरले. दोन जखमी म्हणून दोन स्ट्रेचर आणि आठ जण वर गेले. एका स्ट्रेचरला चार माणसं लागतात, आणि गरजेपेक्षा एकही माणूस त्या उतारावर पाठवायचा नव्हता. १५३० ला ते पोचले तेव्हा तिथे तीन जखमी होते.

विनोदला पहाटेच्या पहिल्याच फैरीत पोटात गोळी लागली होती. तो एकटा एका दगडामागे होता. बाकीच्यांना तो दिसत होता तेवढा फक्त बुटांपासून गुडघ्यापर्यंत. त्याने स्वतःच पट्टी बांधली आणि दहा तास बटण दाबत राहिला. मी विचारलं किती जखमी, तर सवयीप्रमाणे त्याने दोन सांगितले. मीही सवयीप्रमाणे दोन ऐकले.

पोचले तेव्हा तो शुद्धीवर होता. त्याने हातानेच खूण केली, आधी त्या दोघांना न्या. स्ट्रेचर खाली निघाले. पेट्रोलमधल्या चौघांनी त्याला पोंचोत, पावसाच्या अंगरख्याची झोळी करून, घालून उचललं. ते चौघे दहा तास थंडीत पडून होते, त्यांचेच पाय चालत नव्हते. स्ट्रेचर पाऊण तास आधी खाली आले. १७०५ ला, बेस दिसू लागल्यावर, विनोद गेला.

कॅप्टनसाहेब आणि दुसरा जवान वाचले. मला कोणी बोल लावला नाही. सीओसाहेब म्हणाले, तुम्ही ड्रिलप्रमाणे काम केलं. मी डॉक्टरांना विचारलं, तिसरा स्ट्रेचर असता तर तो वाचला असता? ते म्हणाले, सांगता येत नाही. नाही म्हणाले असते तर मी आजवर जरा सुखाने झोपलो असतो.

लॉग जमा करण्याआधी मी तो वाचला. मी त्याला चौतीस प्रश्न विचारले होते. 'तू ठीक आहेस का' हा त्यात नव्हता. विचारायला तीन सेकंद लागले असते.

लढाई संपल्यावर सुट्टी मिळाली. सगळ्यात आधी मी महूला त्याच्या घरी गेलो. त्याच्या आईला मी लहानपणापासून मावशी म्हणतो. तिने पाणी दिलं, समोर बसली. युनिटचे लोक येऊन गेले होते, कॅप्टनसाहेबांचं पत्र आलं होतं. सगळ्यांनी तो किती शूर होता ते सांगितलं होतं.

"बहादुर था वो तो मला पण माहितीये," मावशी म्हणाली. "पण तू तर दिवसभर त्याच्यासोबत बोलत होता ना रे. खूप दुखत होतं का त्याला?"

"मावशी, मी विचारलंच नाही."

मग मी तिला सगळं सांगितलं. टक, सहा प्लस एक, बॅटरी. काही लपवलं नाही. तिने मला चार शिव्या द्याव्यात म्हणून मी वाट बघत होतो.

"मग आता मी कोणाला विचारू?" ती म्हणाली.

विनोद तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता. दर वर्षी त्या तारखेला मी सुट्टी टाकून महूला जातो. मावशी जेवायला वाढते, आम्ही त्याच्या शाळेतल्या उचापती काढतो, ती हसतेसुद्धा. तो प्रश्न मात्र तिने मला पुन्हा विचारलेला नाही.