देवाचं कोकरू आणि माझा भोपळा

बारामतीहून इंदापूरकडे जाताना लागणाऱ्या एका मिशनच्या शाळेत मी चौथीला शिकवते. वर्गातली बहुतेक मुलं ऊसवाल्यांची, मी काटेवाडीची सून, घरच्या देव्हाऱ्यात खंडोबाचा टाक. तरी रोज सकाळी हात जोडून प्रार्थना सांगायला पुढे उभी मीच. मूल्यशिक्षणाचा तासही माझ्याकडेच. का, तर माझा आवाज मोठा आहे.

दिवाळीनंतर आमच्याकडे उपकारस्तुतीचा दिवस असतो. मुलं घरी पिकलेलं काहीतरी आणून प्रार्थनागृहात वेदीपुढे मांडतात आणि मग ते सगळं वृद्धाश्रमात जातं. दरवर्षी वेदीपुढे किडकी वांगी यायची. म्हणून त्या वर्षी मी वर्गात जरा जोर लावला. देवाला उरलंसुरलं द्यायचं नसतं, म्हटलं, ज्याच्यावर आपला जीव आहे तेच द्यायचं. बोलता बोलता माझे मलाच डोळे भरून आले. मुलं चक्क गप्प बसली, जी माझ्या तासाला कधीच बसत नाहीत.

मी मात्र भोपळा घेऊन गेले. परसातल्या वेलाला भोपळेच भोपळे लागले होते आणि आमच्या घरात भोपळ्याला कुणी तोंड लावत नाही. सासूबाईंनी स्वतः पिशवीत घालून दिला. तेवढाच एक कमी होईल, म्हणाल्या.

वेदीपुढे ऊस, मका, पेरू अशी रास लागली होती. एवढ्यात सणसरकडून येणारी माझ्या वर्गातली मुलगी आली. तिच्या घरचे पूर्वी मेंढरं घेऊन हिंडायचे, आता शेती करतात, पण आजोबांनी चारदोन मेंढरं अजून ठेवली आहेत. तिच्या कडेवर कोकरू होतं. कपाळाला भंडारा, गळ्यात झेंडूची माळ. त्याची आई मेल्यावर हिनेच बाटलीने दूध पाजून ते वाढवलं होतं. हे आम्हा सगळ्यांना पाठ होतं, कारण दोन महिने ते तिच्या प्रत्येक निबंधात येत होतं. ‘माझा आवडता नेता’ या निबंधातसुद्धा आलं होतं.

तिने ते वेदीपुढे सोडलं आणि मागे सरून ताठ उभी राहिली. कोकराने आधी पेरू खाल्ले. मग भिंतीवरचा मी केलेला मूल्यांचा तक्ता ओढला आणि त्यातला ‘संयम’ खाऊन टाकला. पोरं हसून लोळली. ती एकटी हसत नव्हती. तिचा खालचा ओठ दातांत धरलेला होता. वृद्धाश्रमाची गाडी घेऊन आलेला ड्रायव्हर कोकराकडे ज्या नजरेने बघत होता, ती मला मुळीच आवडली नाही. हे सगळं माझ्या भाषणाने घडवलं होतं.

आमच्या मुख्याध्यापिका म्हणजे वसईच्या सिस्टर. त्यांनी मुलीला जवळ घेतलं आणि कोकरू घरी घेऊन जा म्हणाल्या. तिने मान हलवली. देवाला सोडलेलं परत नेत नाहीत, एवढंच सांगितलं.

शेवटी फोन करून तिच्या आजोबांना, म्हणजे आबांना, बोलावलं. आबांनी शांतपणे नियम सांगितला. देवाला सोडलेलं जनावर बांधायचं नाही, विकायचं नाही, कापायचं नाही आणि घरी तर न्यायचंच नाही. ते देवापाशी राहतं. कापायचं नाही हे ऐकून ड्रायव्हर गाडीकडे निघून गेला. सिस्टर म्हणाल्या, आमच्या देवापाशी मेंढरं ठेवायची सोय नाही हो.

आबांनी वर बघितलं. वेदीच्या वर येशूचं मोठं चित्र आहे, खांद्यावर कोकरू घेतलेलं.

“मग ह्येंच्या खांद्यावर काय हाय?”

सिस्टरांनीही वर बघितलं. मला हसू येत होतं आणि हसायची चोरी. मग चित्राकडे हात करत सिस्टर मुलीकडे वळल्या.

“त्यांच्याकडे फार मेंढरं झालीत. हे राखायला त्यांना माणूस पाहिजे. तू राखशील?”

मुलीने आजोबांकडे बघितलं. आबांनी बराच वेळ टोपी मागेपुढे केली.

“म्हंजी देवाचंच, आमी निस्तं राखायचं. मग न्यायला हरकत न्हाय.”

तेव्हा कुठे ती रडली, तीही अशी की आबांनी कोकराऐवजी तिलाच उचलून घेतलं.

रडून झाल्यावर ती बाकीच्या मुलांबरोबर सामान गाडीत ठेवू लागली. माझा भोपळा तिने दोन्ही हातांनी उचलला आणि कुणाचा म्हणून विचारलं. माझा, म्हटलं.

“बाई, तुमचा लय जीव व्हता ह्याच्यावर?”

तिच्या बोलण्यात तिरकसपणा औषधालाही नव्हता. मी हो म्हणाले. प्रार्थनागृहात, वेदीपुढे, मूल्यशिक्षणाची बाई. तिने समजुतीने मान डोलावली आणि भोपळा हळूच, गाडीतल्या पोत्यावर नीट टेकवून ठेवला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती डबा घेऊन माझ्या टेबलाशी आली. बाईंनी आपला लाडका भोपळा देऊन टाकला, त्यांना वाईट वाटत असेल, म्हणून तिने आजीकडून भोपळ्याचे घारगे करून आणले होते. मी खाईपर्यंत ती समोरून हलली नाही. सहा होते. सहाही खाल्ले.