सांगाव्याची गाडी

लहानू बागूलने ती मोटारसायकल घेतली, तेव्हा नाशिकच्या शोरूममधला विकणाराच त्याला म्हणाला होता, "भाऊ, परत एकदा विचार करा. ही गाडी ना धड शहराची, ना धड रानाची." गाडी उंच, सडपातळ, पुढचं चाक मोठं, मडगार्ड चाकापासून वीतभर वर उचललेलं आणि अंगावर नटण्यासारखं काही म्हणजे काही नाही. कोपऱ्यात धूळ खात उभी होती. लहानू तिच्यावर बसला तर त्याचे चवडे तेवढे जमिनीला टेकले. तो म्हणाला, "हीच द्या."

लहानू कळवणजवळच्या एका खेड्यात मोटारी भरतो. विहिरीवरची पाण्याची मोटार जळली की आतली तार काढून नवी गुंडाळायची, हे त्याचं काम. हे काम करणाऱ्याला रस्ता कुठवर आहे असं विचारून चालत नाही, कारण विहीर नेहमी रस्ता संपल्यावरच असते. त्या एका गाडीवर तो सकाळी नाशिकला जाऊन तार आणी, दुपारी कांद्याच्या वाफ्यांमधल्या बांधावरून विहिरीपर्यंत पोचे आणि येताना मागे गवताचा भारा बांधून आणी. बिघडायला तिच्यात फारसं काही नव्हतंच. बिघडलीच तर एक पान्हा आणि एक पक्कड पुरे. गाव हसलं, मग गप्प झालं, मग मागायला लागलं. चांगली वस्तू एकाच्या दारात उभी असली की गावाला ती आपलीच वाटते.

गाडीला वर्ष झालं नसेल, तोच शेजारच्या लंकाबाई वारल्या. या भागात बाई गेली की माहेरच्यांनी तोंड पाहिल्याशिवाय तिला उचलत नाहीत. आणि माहेरच्यांना फोनवर कळवून भागत नाही. एक तर डोंगरात फोन लागत नाही, आणि लागलाच तर ते जन्मभर ऐकवतात, "आमची लेक गेली आणि तुम्हाला एक माणूस पाठवता येईना?" लंकाबाईंचं माहेर होतं दोन नाल्यांपलीकडच्या पाड्यावर. जीपने गेलं तर अर्धा दिवस वळसा. गावाने लहानूकडे पाहिलं. तो नाल्यातून, गोट्यांवरून, शेळ्यांच्या वाटेने दीड तासात पोचला आणि लंकाबाईंचे भाऊ वेळेत आले. येताना नाल्याच्या काठी गाडी थांबवून लहानू पोटभर रडला होता. लंकाबाईंनी त्याला लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलं होतं.

तेव्हापासून कुणी गेलं की पहिली हाक भटजीला नाही, लहानूला. "लहानू, गाडी काढ." आसपासच्या पाच-सहा गावांतून बोलावणी येऊ लागली. मेलं असं कुणी तोंडाने म्हणत नाही, त्याचे ठरलेले शब्द असतात. "मावशीचं जास्त झालंय, चला." नाही तर समोर म्हातारं माणूस असलं तर, "काही नाय, सहज न्यायला आलोय." ऐकणाऱ्याला काय ते कळतंच. किती सांगावे पोचवले ते लहानूने मोजलं नाही. पहिल्या दोन-तीन वेळा रडू आलं, मग हळूहळू यायचं थांबलं.

गेल्या हिवाळ्यात एका बापाला त्याने लेकीचा सांगावा दिला. बाप होता तिथेच अंगणात खाली बसला, आणि लहानू बघत होता गाडीच्या मागच्या टायरकडे. गुट्टे झिजलेत, आता बदलायला हवा, असं त्याच्या मनात चाललं होतं. बाप उठून धोतर झटकू लागला तेव्हा लहानूच्या ध्यानात आलं, की आपण मघापासून टायरच बघतोय. त्याला स्वतःची भीती वाटली. घरी दम्याने वाकलेली आई होती, चिमणाबाई. उद्या तिचं काही झालं, तर आपण असेच उठू, पेट्रोल बघू, किक मारू आणि ठरलेले शब्द बोलून येऊ. पण ती भीतीसुद्धा जेवायची वेळ झाली तशी उतरली.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. आखाजीला सासरी दिलेल्या लेकी माहेरी यायच्या, आणि भावाने मुराळी होऊन त्यांना आणायला जायचं. लहानूची थोरली बहीण मोहिनी सुरगाण्याकडच्या पाड्यावर दिलेली. ती आणि तिचा नवरा लखन द्राक्षांच्या कामाला दिंडोरीला जात, त्यामुळे तीन वर्षं तिचं माहेरी येणं झालं नव्हतं. चिमणाबाईने फर्मान काढलं, "औंदा तिला आण. मी काय दरवर्षी वाट बघत बसायची नाय."

लहानू कनाशीवरून बोरगावला गेला आणि तिथून आतल्या वाटेला लागला. पाड्याचा चढ चढताना गाडीचा आवाज पुढे पोचला होता. ही सांगाव्याची गाडी या पाड्यांवरही ठाऊक झाली होती; विहिरीवरच्या बायकांनी दोर हातातच धरून ठेवला. मोहिनी ओट्यावर नागली पाखडत होती. तिने गाडी पाहिली, वर बसलेला भाऊ पाहिला, आणि तिच्या हातचं सूप पडलं.

"आये गं! माझी आये गेली गं!"

"आक्का, अगं आई बरी हाय!" लहानू गाडीवरूनच ओरडला. ते ऐकून तर तिने ऊर बडवायलाच घेतलं.

लखन पुढे आला आणि त्याने लहानूचा दंड धरला. "दाजी, खरंच काय झालं नाय," लहानू म्हणाला. "आखाजीला न्यायला आलोय."

"कळलं भाऊ, कळलं," लखन खाली बघत म्हणाला. "तू हिला घेऊन पुढं हो. मी माणसं गोळा करून जीपनं येतो."

 सहज न्यायला आलोय, हे लहानूने स्वतःच कितीतरी ओट्यांवर सांगितलं होतं. खऱ्याला वापरायला वेगळे शब्द त्याने ठेवलेच नव्हते. टेकडावर चढून त्याने घरी फोन लावला. रिंग वाजत राहिली, चिमणाबाईने उचलला नाही. उचलला नाही म्हटल्यावर उरलासुरला संशयही मिटला आणि शेजारणीही रडायला बसल्या.

मोहिनी मागे बसली. दोन अडीच तास ती त्याच्या पाठीवर डोकं टेकून बोलत होती. आये, तीन वर्षं तुझं तोंड नाय बघितलं. आये, तू पाठवलेलं लुगडं मी ठेवणीत ठेवलं गं. लहानूच्या सदऱ्याची पाठ भिजली. आई जिवंत आहे हे साऱ्या रस्त्यात एकट्या त्यालाच माहीत होतं. त्याला हसू यायला हवं होतं, नाही तर बहिणीची कीव तरी. तो वाट बघत होता, आता काहीतरी येईल. घाटात गाडी दुसऱ्या गिअरवर छान चढत होती, तेवढं मात्र त्याला जाणवलं.

चिमणाबाई अंगणात चिंच फोडत बसली होती. मोहिनी चालत्या गाडीवरून उतरली, दोन पावलं धावली आणि थिजली. मग तिने आईला अशी मिठी मारली की चिंचेची पाटी उलटली. मग वळून लहानूच्या पाठीत चार गुद्दे घातले. तासाभराने लखनची जीप आली, तिच्यातून पांढऱ्या टोप्या घातलेली अकरा माणसं मान खाली घालून उतरली आणि मयताच्या जागी म्हातारी त्यांना म्हणाली, "या, बसा. भाकरी टाकू का?" मयताला आलेली माणसं उडदाच्या आमटीवर आडवा हात मारून जेवली. इतकं हसू त्या अंगणात कित्येक वर्षांत झालं नव्हतं. चिमणाबाई तर भलतीच खूश. फोन का उचलला नाहीस म्हटल्यावर म्हणाली, "तो गोधडीखाली होता." आणि मोहिनीला पुन्हा पुन्हा विचारत होती, "काय काय म्हणून रडलीस? लुगड्याचं बी म्हणालीस?"

दुपार कलल्यावर माणसं पांगली. लहानू गाडीची साखळी पुसत बसला होता. चिमणाबाई काठी टेकत त्याच्याजवळ आली आणि दगडावर बसली.

"एवढा रस्ता ती रडत होती," ती म्हणाली. "तुला काय वाटलं?"

"काय वाटायचं? तू हायस हे मला ठावं होतं."

"तसं नाय विचारलं मी."

लहानू साखळी पुसत राहिला.

"लहान्या, मी गेले की हिला सांगावा तू न्यायचा नाय."

"मग कोण नेणार? एवढ्या लवकर दुसरी गाडी पोचत नाय."

"जाईल कोणी बी, वळसा घालून. उशीर होईल, हू दे. मी काय पळून चालले? तू माझ्यापाशी बसायचं."

"बसून काय करू?"

"रडायचं."

लहानूच्या हातातलं फडकं थांबलं. आईशी खोटं बोलण्याइतकंही त्याच्यात काही उरलं नव्हतं.

"आये, मला नाय येत आता."

चिमणाबाईने त्याच्याकडे पाहिलं. रागावली नाही, डोळ्याला पदरही लावला नाही. आईला हे कधीपासून माहीत आहे, एवढंच त्याला कळलं.

"नाय आलं तरी बस," ती म्हणाली.