देवीला दिलेला कान

माझी बायको डाव्या कानाने ठार बहिरी होती. त्या कानामागे अंगठा मावेल एवढा खड्डा. ती लहान असताना कळव्याला तिला गोवर आला, गोवरामागून कान फुटला. वाहतोय तर वाहू दे, घाण जाते, म्हणून घरचे बसून राहिले. कानामागे लिंबाएवढी सूज आली तेव्हा मुंबईच्या इस्पितळात नेली. तिथे छिन्नीने हाड फोडून पू काढला. जीव राहिला, कान गेला.

मी सुतार. राहायला डोंबिवलीत, कामाला ठाकुर्लीला. माझ्या छिन्न्यांची पिशवी तिने कधी घरात येऊ दिली नाही. बाहेर पडवीत ठेवायची, वर गोणपाट. शेजारी विचारायचे, "मिस्तरी, हत्यारं बाहेर झोपवता होय?" मी म्हणायचो, घोरतात फार.

मग आमच्या मुलीला गोवर आला. चार-पाच वर्षांची असेल. आमच्यात गोवर म्हणजे देवी अंगात आलेली. देवी उतरल्यावर पोरीला शेवटचं नहाण घालीपर्यंत घरात फोडणी द्यायची नाही, सुई हातात धरायची नाही, डॉक्टरचं तर नावच नको. दाराला कडुलिंब लावला. बायकोनेही सगळं पाळलं. पुरळ मावळत आलं आणि पोरीने कान धरला. लसणाचं तेल घालावं तर तेही कढवता येईना. रडून रडून तिचा आवाज बसला. मग कान वाहायला लागला, तेव्हा जरा निजली.

"सुटली बाई एकदाची," माझी आई म्हणाली.

बायकोने झोपलेल्या पोरीचं डोकं वळवलं, कानामागे अंगठा दाबून बघितला. सूज होती. कान पुढे आला होता.

"अहो, उठा. कल्याणच्या डॉक्टरकडे जायचं. नवं इंजेक्शन देतात म्हणे."

आई दारात आडवी आली. "नहाण झालं नाही अजून. देवी अंगात असताना सुई टोचणार? पोर जाईल हातची!"

"आत्याबाई, देवीला माझा एक कान दिलाय. तेवढा पुरे."

"आणि तू रे? तोंडात गुळणी धरलीस काय?" आई माझ्यावर आली.

मी पोरीला उचललं आणि बाहेर पडलो.

डॉक्टरसमोर बायको बसलीसुद्धा नाही. "कापणार का?" एवढंच विचारलं. त्याने पोरीचा कान बघितला, मग हिचा.

"पूर्वी मीही हेच सांगायचो, बाई. मुंबईला न्या, कापून घ्या. आता आधी पेनिसिलीन देतो. रोज आणा. सूज उतरली नाही तर मात्र कापावं लागेल."

बाटलीत पांढरी भुकटी. त्यात पाणी घालून हलवली आणि कुल्ल्यात टोचली. पोरीने दवाखाना डोक्यावर घेतला.

रोज कल्याण. मी खाडे केले. आई आमच्याशी बोलेना, पण पोरीला हळूच जवळ घेऊन कानामागे बघायची. बायको सकाळी उठली की आधी तिथे अंगठा. एके सकाळी तिने तो बराच वेळ ठेवला.

"सूज गेली, हाड लागतंय," म्हणाली.

पण कान ऐकतोय का? तिने पोरीचा चांगला कान हाताने घट्ट झाकला आणि मागून हळूच म्हणाली, "गूळ खातेस?"

"दे," पोर म्हणाली.

बायको उठली, चुलीपाशी गेली आणि नहाणाची वाट न बघता आमटीला मोहरीची फोडणी दिली. आई ती आमटी गुमान जेवली. भांडी घासताना बायको रडत होती. "माझ्या वेळी नव्हतं हो हे," म्हणाली. मी तिच्या उजव्या बाजूला बसून राहिलो.

आता ती नाही. घरी मुलगी येते, जेवायला वाढते. हल्ली कुणाचा कान दुखला तर लोक गोळी घेतात आणि विसरतात. बरंच आहे. आमचा जन्म त्या एका कानाशी मोठ्याने बोलण्यात गेला, तो आवाज काही खाली येत नाही.

"बाबा, ओरडता कशाला?" मुलगी म्हणते. "मला ऐकू येतं."

येतं, माहीत आहे मला.