थर नसलेला खडक

आई गेल्यावर आबांना, आणि तिने लावलेल्या अबोलीच्या कुंडीलाही, साताऱ्याकडून इकडे कन्नड मुलखात, आमच्या आनेकलच्या घरी आणलं, तेव्हा त्यांनी एकच अट घातली. टँकरच्या पाण्यावर झाडं वाढवणार नाही. बोअरला पाणी लागलं तर राहीन, नाहीतर गावी परत. गावी त्यांच्याकडे बघायला कुणी उरलं नव्हतं, त्यामुळे त्या बोअरचा घोर त्यांच्यापेक्षा मलाच जास्त.

आबांनी जन्मभर विहिरी खणल्या. आमच्या गावाकडे काळ्या कातळाचे थर एकावर एक आणि मध्ये कुठेतरी लाल मातीचा पट्टा. तो लागला की पाणी जवळ आलं म्हणायचं. इथे शेजारच्या घराच्या पायाच्या खड्ड्यात त्यांना काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा दगड दिसला आणि स्वारी खूश. “हे बघ थर! हितंच मारा.” आबांपुढे कुणाचं काय चालणार? त्या खड्ड्यालगतच, आमच्या कुंपणाच्या आत, बोअर मारली.

यंत्र दिवसभर घरघरलं. वर येणारा चुरा चिमटीत धरून आबा लाल रंगाची वाट बघत होते, पण चुरा आपला राखाडीच. शेवटी बोअरवाला म्हणाला, “साकु अण्णा, नीरु इल्ला.” पुरे, पाणी नाही, एवढं कन्नड आबांनाही कळलं. ते आत गेले. मला रडूच फुटलं.

पण माझं कुतूहल असं अवेळीच जागं होतं. तो दगड काय आहे ते वाचून काढलं आणि आबांना सांगायला गेले. हे थर नव्हेतच. आपला कातळ लाव्हा पसरून झाला. हा मात्र अब्जावधी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटात गाडला गेला, तापला, भूखंडांच्या रेट्यात पिळला गेला, म्हणून हे पट्टे. यात पाणी असलंच तर भेगांमध्ये.

आबा खड्ड्यातून आणलेला दगड हातात फिरवत राहिले. “आन् आपल्या कातळाखाली काय?”

“बहुतेक असाच खडक. खूप खोल. लाव्हा त्याच्यावरच पसरला.”

“म्हंजे जन्मभर आम्ही माडीवरच राहिलो म्हणायचं!” ते हसले. मला धीर आला नाही.

सकाळी बॅग भरलेली दिसणार, या धास्तीनेच उठले. आबा परसात वर बघत उभे होते.

“पन्हाळीचं पाणी कुठं पडतं गं? तिथं टाकी बांधू. तुझ्या आईच्या अबोलीला तेवढं पुरं.”

आई गेल्यापासून त्यांनी तिचं नावही काढलं नव्हतं.