रश्श्यातला बटाटा

बुधवारच्या मटणात अंबाबाईला बटाटा सापडला. अख्खा नव्हे, टोपाच्या तळाशी उरलेली, कडा विरघळलेली एक फोड. तिनं ती बोटांनी चेपून पाहिली. मऊ होती, आतपर्यंत रस्सा प्यालेली. बाकीचे जेवून उठले होते. आबाजी ओटीवर सुपारी कातरत होते, मुलगा प्रवीण मोबाइल घेऊन अंगणात गेला होता, सून सुप्रिया मोरीत ताटं घासत होती. घरात शेवटी जेवायला बसते तिच्या वाट्याला तळ येतो, आणि तळाशी काय असतं ते तिलाच कळतं.

अंबाबाईनं उभ्या जन्मात मटणात बटाटा घातला नव्हता. चार तुकड्यांत दहा माणसं जेवायला घालायची असतील त्यानं घालावा. तिच्या घरात चारच माणसं होती.

"सुप्रिया, ह्यो बटाटा कुठनं आला गं?"

सुप्रियाचा घासणीवरचा हात थांबला. पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ. पण अंबाबाई तेवढ्याचीच वाट बघत होती.

"कंचा बटाटा, आई?"

"रश्श्यातला."

"भाजीतला पडला आसंल."

"आज भाजी कुठं केलीस?"

मोरीतला नळ मोठा झाला. अंबाबाईनं फोड ताटाच्या कडेला ठेवली आणि उरलेला भात तिच्याकडे बघत खाल्ला.

कळंबच्या अलीकडं, भातखाचरांच्या मधे हे घर. आजूबाजूच्या बऱ्याच शेतांत आता पोहायचे तलाव आले होते आणि शनिवार-रविवारी तिथून गाण्यांचे दणके ऐकू येत. प्रवीण अशाच एका रिसॉर्टात पंप आणि जनरेटर बघायचा. तिथं मोठे आचारी होते, पण बुधवारी आणि रविवारी तो दुपारपासून काही न खाता घरी यायचा, कारण त्या दिवशी आई चुलीपाशी बसलेली असायची. घरात गॅस होता. डाळ, भाजी, चहा सगळं सुप्रिया त्यावर करायची. मटण मात्र मागच्या पडवीतल्या चुलीवर, वेगळ्या काळ्या टोपात, अंबाबाईच्याच हातचं. सासू गेल्यापासून त्या चुलीला दुसरा हात लागला नव्हता.

तिच्या मटणात गुपित असं काही नव्हतं. मटण घरात आलं की धुऊन हळद, मीठ आणि ठेचलेलं आलं-लसूण चोळायचं. तेलात कांदा लाल करायचा, त्यावर मटण परतायचं, आणि टोपावर खोलगट ताट ठेवून ताटात पाणी ओतायचं. वरचं पाणी तापलं की तेच आत घालायचं; गार पाणी घातलं तर मटण रुसतं. शेवटी निखाऱ्यावर भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण, घरचा मसाला आणि पुन्हा चिमूटभर मीठ. कलेजी असली तर नुसती मिरी आणि आलं लावून तव्यावर, शेवटच्या दोन भाकऱ्या होईस्तोवर तयार. खिम्यात मेथी. थंडीत कोंबडीबरोबर ओल्या वालाच्या शेंगा. कामावरून आलेल्या माणसाला फार ताटकळायला लागू नये, असं सगळं.

एक गोष्ट मात्र या घराची होती. चुलीवरचं कुणी चाखायचं नाही. गेलेल्या सासू-सासऱ्यांचं पान वाढून झाल्याशिवाय टोपातला थेंब जिभेला लागायचा नाही, नाहीतर ते उष्टं. मग मीठ कसं कळायचं? वाफेवरून. अंबाबाई ताट बाजूला करायची, वाकायची, डोळे मिटून वाफ ओढून घ्यायची आणि म्हणायची, "लागतंय थोडं," किंवा "बास." ती कधी चुकली नव्हती. शेजारणी लग्नकार्याला तिला खास वाफ घ्यायला बोलवायच्या.

गेल्या वर्षी लावणीनंतर तिला ताप आला. अंगातून निघाला, पण त्यानंतर बाजारात भेसळ फार वाढली. निदान अंबाबाईचा तसा हिशेब होता. वाण्याकडच्या उदबत्त्या नुसता धूर करू लागल्या. आलं मातीसारखं येऊ लागलं. खोबरं भाजलं तरी घरभर वास सुटेना. तांदूळ, चहा, साबण, सगळं नकली. तिनं वाण्याला तोंडावर सांगितलं, दोनदा मसाला परत केला. तिखट तेवढं त्यानं खरं ठेवलं होतं, त्याची आग होत होती. वाडीवरून गावठी कोंबड्या आणणाऱ्या चिंधीलासुद्धा ती म्हणाली, "चिंधे, ह्यो ब्रायलर हाय. गावठीचा वास मला ठावकी नाय का?" चाळीस पावसाळे ओळख असलेली चिंधी त्या दिवशी टोपली उचलून न बोलता डोंगराकडं निघून गेली, ती फिरकलीच नव्हती.

घरातही काहीतरी चाललं होतं. आबाजी पाणी फार पिऊ लागले होते. प्रवीण रश्श्यात दही कालवू लागला होता. एकदा जेवता जेवता तो म्हणाला होता, "आई, मीठ जरा—" एवढंच. अंबाबाईनं पळी खाली ठेवली, "मग माजे हात तोडा," म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी पिशवी भरून भावाकडं निघाली. आबाजींनी तिला खालापूरच्या एसटीत चढता चढता उतरवून आणलं. तेव्हापासून जेवताना सगळे "छान झालंय" म्हणत. फारच एका सुरात म्हणत.

आणि आता बटाटा.

अंबाबाईला जोडणी करायला वेळ लागला नाही. सुप्रियाचं माहेर चौक गावात. तिच्या भावाचं तिथं गॅरेज. टोपातले चांगले तुकडे डब्यात भरून तिकडं जात असणार आणि इकडं भर म्हणून बटाटा. पण डबा तिला सापडेना. मग यापेक्षा मोठं काहीतरी असणार. सुनेला चूल हवी असणार. आधी म्हातारीचं मटण बिघडवायचं, मग म्हणायचं, तुमी आता बसा, आई. चूल गेली की अंबाबाईला या घरात काय उरणार होतं? ओटीवरची सुपारी आणि आबाजींच्या शेजारची जागा.

तिनं बटाट्यांची टोपली उचलली आणि आपल्या खाटेखाली सारली, वर गोधडी टाकली. नंतर सुप्रिया स्वयंपाकघरात काहीतरी शोधत फिरली, पण बटाटे कुठं गेले असं तिनं विचारलं नाही. अंबाबाईनं हेही ध्यानात ठेवलं.

पुढच्या रविवारच्या आणि बुधवारच्या मटणात बटाटा नव्हता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी परसात, शेवग्याच्या बुडाशी, तिला एक गोळा दिसला. कणकेचा, लिंबाएवढा. हळदीनं पिवळा पडलेला आणि वरून तांबडं तेल माखलेला. तेवढ्यात तिची तुरेवाली कोंबडी आली, तिनं गोळ्याला चोच मारली, मान झटकली, घास टाकला आणि थेट पाण्याच्या कुंडीकडं धावली.

मुक्या जीवाला कळतं.

"अहो," तिनं आबाजींना हाताला धरून आणलं, "बघा. करणी."

आबाजींनी वाकून पाहिलं. "कणीक हाय."

"कणकेला हळद कोण लावतं? वर तेल. लाल."

"कोंबड्यांना टाकली आसंल."

"कोंबडी खाईना. पानी प्याया पळाली."

आबाजी यावर काहीतरी बोलणार होते. पण ते गोळ्याकडं बघत राहिले, मग आत गेले, आणि माठाचं झाकण उघडल्याचा आवाज आला. अंबाबाईनं गोळा पायतणानं उचलून बांधापलीकडं भिरकावला. आता रविवारी ती उठणार नव्हती. टोप चढल्यापासून उतरेपर्यंत चुलीपासून हलायचंच नाही, म्हणजे कुणाचा हात आत जातो ते दिसेल.

रविवारी सकाळी चिंधी आली. काखेत कोंबडा, चेहऱ्यावर राग जशाचा तसा.

"घे, बघून घे," ती अंगणातूनच ओरडली. "पाय बघ, तुरा बघ. ब्रायलर म्हनतीस काय? ह्यो रातचा आंब्यावर जाऊन बसतो. तुजा ब्रायलर चढंल का आंब्यावर?"

"रंगवला नसंल कशावरनं?"

"आदी तुज्या नवऱ्याला रंगव. पांढरा झालाय पार."

ओटीवर आबाजी हसले. अंबाबाईलाही हसू आलं, ते तिनं पदराआड केलं. "बस. तुज्या डोळ्यांदेखत शिजवते. खाऊन जा. मग सांग गावठी हाय का."

"खाल्ल्याबिगर जाते व्हय मी?"

कोंबडा कापला, सोलला, भाजला. पाण्याच्या ताटाखाली तो शिजत राहिला आणि अंबाबाई पाटावर बसून राहिली. चिंधी खांबाला टेकून वाडीतल्या गोष्टी सांगत होती. पण अंबाबाईचे कान आत होते.

प्रथम सुप्रिया आली. "आई, उठा, कंबर धरंल. मी बघते."

"तू भाकऱ्या बघ."

थोड्या वेळानं प्रवीण. "आई, आबा बोलवतात."

"त्येंना म्हनावं, इथं या."

मग आबाजी स्वतः आले, आणि कशाला आलो हे न आठवल्यासारखे दारात उभे राहिले. चांगली धडधाकट तीन माणसं एका टोपाभोवती घुटमळत होती. अंबाबाईनं वाटण घातलं, मीठ घातलं, ताट बाजूला करून वाफ घेतली. वाफ गरम होती. "बास," ती म्हणाली. तिच्या पाठीमागं कुणीतरी श्वास सोडला. ती वळली. सुप्रिया होती, आणि तिची उजवी मूठ पदराखाली होती.

"मूठ उघड."

"काय नाय, आई."

"उघड म्हंते."

मूठ उघडली. कणकेचा गोळा. ताजा, पांढरा, बोटांच्या खुणा उमटलेला.

"चिंधे, तू साक्षीला हायस," अंबाबाईचा आवाज फाटला. "माज्या घरात, माज्या टोपात हे टाकत्यात. बघ."

अंबाबाई उठली, तिनं सासू-सासऱ्यांचं पान वाढलं, हात जोडले, मग वाटीभर रस्सा आणि मांडीचा तुकडा चिंधीपुढं ठेवला. "तू खा. ह्याला कुनाचा हात लागला नाय. निव्वळ माजा हाय."

"आई, थांबा—" सुप्रिया म्हणाली.

चिंधीनं भाकरीचा तुकडा बुडवला, तोंडात घातला. चावता चावता तिचा जबडा थांबला. तिनं तांब्या उचलला, घटाघटा पाणी प्याली. पुन्हा घास घेतला. पुन्हा पाणी. परसातली तुरेवाली कोंबडी अंबाबाईच्या डोळ्यांपुढून गेली.

"कोंबडा माजाच हाय," चिंधी हळू म्हणाली. "कडक हाय. पन अंबाबाय, मीठ किती टाकलंस?"

"नेमीचं."

"नेमीचं म्हंजी? समुद्राचं?"

अंबाबाईनं तिघांकडं पाहिलं. तिघंही खाली बघत होते.

"गोळा टाकला की खारट वढून घेतो," सुप्रिया पायाच्या बोटांना सांगितल्यासारखी म्हणाली. "पान वाढून झालं की मी टाकायची, ताटं घेता घेता काडायची. बटाटा पन त्याच्यासाठीच. तुमी बटाटे लपवले, मंग..."

अंबाबाईनं चिंधीच्या पुढ्यातली वाटी उचलली. उष्टी. तोंडाला लावली आणि प्याली. जिभेला आग लागली. तिखटाची. त्या आगीखाली काय आहे ते ती शोधत राहिली. खाली काही नव्हतं. गरम पाणी होतं. तिनं वाटी नाकाशी धरली, मग टोपावर वाकली, मग पाट्यावरचं खोबऱ्याचं वाटण उचलून हुंगलं, चिंधीची आंबूस वास मारणारी जुनी शालसुद्धा. गरम होतं ते गरम लागलं, गार ते गार.

म्हणजे वाणी खरा होता. उदबत्ती खरी होती. आलं, खोबरं, तांदूळ, चिंधी, सगळी खरी होती.

आणि खोटी होती ती ही तीन माणसं. तापानंतर आजपर्यंत "छान झालंय, छान झालंय" म्हणणारी. तिला रडू येईल असं चिंधीला वाटलं असावं, कारण चिंधीनं हात पुढं केला. पण अंबाबाई रडली नाही. इतक्या सफाईनं मिठाबद्दल खोटं बोलणारी माणसं आणखी कशाकशाबद्दल बोलत असतील, हा विचार तिच्या मनात आला आणि तिथंच बसला.

"तुमाला ठावकी होतं?" तिनं आबाजींना विचारलं.

"होतं."

"मग बोलला का नाय?"

"एकदा पोरगा बोलला. तू एसटीत चढलीस."

अंबाबाईनं सुप्रियाच्या हातातला गोळा घेतला, टोपात सोडला आणि झाकण ठेवलं. "जेवायला बसा," म्हणाली. चिंधी जाताना अंबाबाईनं तिच्या पदरात तांदूळ घातले, आणि आज इथं घडलेलं वाण्याला सांगू नकोस, असं बजावलं.

पुढच्या बुधवारी बटाट्यांची टोपली स्वयंपाकघरात जागेवर होती. चुलीवर मटण शिजत होतं आणि पाटावर अंबाबाईच होती. मटण मऊ झालं तेव्हा तिनं एक गोष्ट केली, जी या घरात कुणी केली नव्हती. मीठ न चोळलेल्या मटणाचा, मसाला न घातलेला अळणी रस्सा पळीनं काढून तिनं सासू-सासऱ्यांचं पान आधीच वाढलं. आता टोपातलं उष्टं होण्याचा प्रश्न नव्हता. मग वाटण घातलं, मसाला घातला, आणि हाक मारली.

"सुप्रिया, ये. मीठ टाक."

सुप्रिया आली. दाराशी थबकली, मग उकिडवी बसली. तिनं बोटांनी मीठ टाकलं, पळीनं ढवळलं, तळहातावर थेंब घेतला आणि चाटला. अंबाबाई तिच्या हाताकडं नाही, गळ्याकडं बघत होती. गिळताना गळा कसा हलतो ते.

"कसं हाय?"

"लागतंय थोडं."

"टाक मग."

सुप्रियानं टाकलं, पुन्हा चाटलं. "बास, आई."

"खरं?"

"खरं."

ताटं वाढली. अंबाबाई रोजच्यासारखी मागं राहिली नाही. पळी मांडीवर धरून ती समोरच बसली आणि आबाजींच्या उजव्या हाताशी असलेल्या तांब्यावर तिनं नजर ठेवली. आबाजी खाली मान घालून जेवत राहिले. भाकरी संपली, भात आला. प्रवीणनं दही मागितलं नाही. शेवटी आबाजींनी तांब्या उचलला, एक घोट घेतला आणि खाली ठेवला.

"घोटभरच का प्यालात?" अंबाबाईनं विचारलं.