एकच फेटा

फुटबॉलचा कप आम्ही जिंकला त्या संध्याकाळी अख्ख्या गावात सगळ्यात दुःखी माणूस मी होतो. हरलेले नदीपलीकडचेसुद्धा माझ्याइतके जळत नसतील. आज मी हे हसत सांगतो म्हणून मला आता त्याचं काही वाटत नाही, असा अर्थ मात्र कुणी काढू नये. वाटतं. चांगलंच वाटतं.

पिंपरीत रेल्वेच्या बाजूला पहिला मोठा कारखाना उभा राहत होता, त्या पन्नासच्या दशकातली ही गोष्ट. आमचं गाव पवना नदीच्या अलीकडे, आणि ज्यांच्याशी आमचं कधीच पटलं नाही ते गाव पलीकडे. भांडण कशावरून सुरू झालं ते दोन्हीकडे कुणालाच धड सांगता यायचं नाही. पण जत्रेतल्या कुस्त्या असोत की बैलगाड्यांची शर्यत, पलीकडच्यांना हरवल्याशिवाय आमच्या घशाखाली घास उतरायचा नाही. त्यात फुटबॉलची भर घातली ती मी. रोज सकाळी सायकलवरून देहूरोडच्या छावणीत दूध घालायला जायचो. तिथे शिपायांचा खेळ चालायचा. आधी बघून आणि मग त्यांच्या लाथा खाऊन मी तो शिकलो आणि गावात आणला. आम्ही खेळतो म्हटल्यावर पलीकडच्यांनीही लगेच संघ काढला. आम्ही विहीर खणली असती तर त्यांनीही खणली असती, पाणी लागो न लागो.

माझे वडील, म्हणजे आबा, गावच्या तालमीचे वस्ताद. आमच्याकडे रीत अशी, की जत्रेतली शेवटची कुस्ती जो मारील त्याला तिथेच, अंगावरची माती न झटकता, पलीकडच्यांच्या डोळ्यांदेखत फेटा बांधायचा. फेटा बांधला नाही तर गाव ती कुस्ती जिंकलेली धरायचंच नाही. हा फेटा बांधायचा मान आबांचा. त्यांचा बांध वेगळा होता. सगळे वेढे उजवीकडून घेत आणायचे, शेवटचा एकच वेढा उलटा फिरवायचा आणि डाव्या कानाच्या वर अंगठ्यानं असा काही दाबायचा, की गडी रात्रभर हलगीवर नाचला तरी फेटा हलायचा नाही. त्यांच्या हातचा फेटा ज्याच्या डोक्यावर चढला, त्याला वर्षभर चावडीवर कुणी बसून राम राम करायचं नाही. उठून करायचे.

तो फेटा मला हवा होता. लहानपणापासून हवा होता. पण मी अंगानं काडी. आबांनी मला दोन वर्षं तालमीच्या मातीत घोळवला आणि मग काही न बोलता सोडून दिला. ओरडले असते तर बरं झालं असतं. पुढे त्यांनी मला कधी तालमीत ये म्हटलं नाही आणि येऊ नको असंही म्हटलं नाही.

आमच्या पडवीत तेव्हा एक कोकणी तरुण भाड्यानं राहायचा. कारखान्याच्या बांधकामावर फिटर होता. मुंबईत मामाकडे वाढलेला, तिथल्या मैदानांवर फुटबॉल खेळलेला. संघात बूट त्याच्या एकट्याकडे होते, बाकी आम्ही सगळे अनवाणी. त्याला मीच संघात घेतलं, ही गोष्ट मी इथे मुद्दाम नोंदवून ठेवतो. स्वभावानं गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आबांना आल्या आल्या तो काका म्हणायचा. चार महिन्यांत आबा म्हणायला लागला. आबांनी ते चालवून घेतलं.

छावणीतल्या कुणा साहेबानं कप ठेवला, आसपासच्या गावांचे आणि खात्यांचे संघ उतरले, आणि नशीब असं की फायनलला समोरासमोर आलो आम्ही आणि पलीकडचे. गावात दुसरा विषय राहिला नाही. आबांनी आयुष्यात फुटबॉल बघितला नव्हता, पण पलीकडच्यांशी गाठ म्हटल्यावर तेही निघाले. आदल्या दिवशी गोठ्यात धार काढताना मला विचारलं,

"ह्येचा निकाल कसा लागतो रं?"

"ज्येंचं गोल जास्ती, ती जिकली."

"गोल मारतो कोन? समदी?"

"मारतो येकच. पर जिकत्यात अकरा जन."

आबांनी धार थांबवली. "मारनार येक आन जिकनार अकरा? मंग बाकीची धा जन काय हवा खायाला येत्यात व्हय?"

मी हसलो. तिथेच नीट समजावून सांगायला हवं होतं. पण मला वाटलं, उद्या स्वतःच्या डोळ्यांनी बघतील की.

दुसऱ्या दिवशी छावणीच्या मैदानावर दोन्ही गावं लोटली. आबा धुवट धोतर-सदऱ्यात, काखेत नवाकोरा गुलाबी फेटा. एकच. कुस्तीला एकच लागतो. मला तो दिसला आणि पायांत वारं भरलं.

अर्धा खेळ झाला तरी गोल नाही. दुसऱ्या अर्ध्यातही दोन्हीकडून नुसती रेटारेटी. शेवटाकडे मला डाव्या कडेला चेंडू मिळाला. पहिला गडी अंगावर आला, त्याला मी आत जातो असं दाखवून बाहेरनं काढलं. दुसऱ्यानं माझा सदरा धरला, सदरा फाटला, मी पुढे. तिसरा गुडघ्यावर घसरत आला, त्याच्या पायांवरून चेंडू उडवला आणि मी त्याच्यावरून. मग कोपऱ्यातून मान वर करून बघितलं तर आमचा कोकणी गोलच्या तोंडाशी रेशनच्या रांगेत असल्यासारखा उभा. चेंडू मी त्याच्याकडे टाकला. त्यानं गुडघा चेंडूला लावला की चेंडू त्याच्या गुडघ्याला लागला, याचा निवाडा देवानंच करावा. गोल झाला.

त्यानंतर शिट्टी होईपर्यंत काय झालं ते मला आठवत नाही. शिट्टी झाली आणि आमचे लोक मैदानात घुसले. म्हातारे, बाप्ये, चपला हातात घेऊन पळणारे. हलगी कडाडली. कुणीतरी मला उचललं, कुणीतरी पाडलं, गुलाल डोळ्यांत, तोंडात, फाटक्या सदऱ्यात. मी बेंबीच्या देठापासून ओरडत होतो. एवढा आनंद मला पुढे लग्नातही झाला नाही. बायको हे वाचणार नाही म्हणून लिहितो.

मग आम्ही अकराजण ओळीनं उभे राहिलो आणि आबा आले. गर्दी बाजूला झाली. रेफ्री मद्रासकडचा एक हवालदार होता. आबांनी त्याला विचारलं, "कोन जिकलं?"

त्यानं आमच्या ओळीवरून हात फिरवला. "ये सब."

"ते झालं. पर जिकलं कोन?"

हवालदार गोंधळला. आबा फेटा उलगडून उभे. दोन्ही गावं बघतायत. मी ओळीत कोकण्याच्या शेजारीच होतो. आबांची पावलं आमच्या दिशेनं वळली तशी मी मान खाली केली. फेटा बांधून घेताना करतात तशी, जरा पुढे झुकवून. हवालदारानं कुणाकडे तरी बोट केलं, ते मला दिसलं नाही. माझ्या खाली घातलेल्या डोळ्यांना आबांचे पाय दिसत होते. ते माझ्यापुढे आले, आणि एक पाऊल बाजूला सरकले.

मान वर कशी करायची ते मला कळेना. शेवटी बुटाची नाडी बांधायला वाकतो तसा आणखी खाली वाकलो. पायात बूट नव्हते.

कानांवर फेट्याची सळसळ येत होती. वेढ्यावर वेढा. पळालो मी, सदरा फाटला माझा, हा खेळ गावात आणला मी, आणि बापही माझाच. त्याचा एक गुडघा. मी उठून बघितलं तेव्हा आबा त्याच्या डाव्या कानाच्या वर अंगठा दाबत होते. गुलाबी रंग त्याला शोभत होता, हे आणखी एक.

मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पलीकडचे बसले होते. एकमेकांच्या गळ्यात पडून रडत होते. मघापर्यंत ज्यांना पाण्यात पाहत होतो, त्यांचा मला त्या क्षणी हेवा वाटला. ते अकराच्या अकराजण सारखेच हरले होते. त्यांच्यात एकाला जास्त आणि दुसऱ्याला कमी असं काही नव्हतं.

मिरवणूक बैलगाडीतून निघाली. रीतीप्रमाणे पलीकडच्यांच्या वेशीवरून वाजतगाजत नेली. गाडीत पुढे फेटेवाला, त्याच्या मांडीवर कप. मी मागच्या बाजूला पाय सोडून. लोक विचारायचे, गोल कुणी मारला? सगळे फेट्याकडे बोट दाखवायचे. फेट्याकडे बोट दाखवायचीसुद्धा गरज नव्हती, तेवढ्यासाठीच तर फेटा असतो.

दारात आईनं औक्षण केलं. आधी त्याला, मग मला. माझ्या वेळेला निरांजन फडफडायला लागलं. आई म्हणाली, "वाऱ्यानं हाय ते." कोकण्याला माझ्या तोंडावरून काहीतरी कळलं असावं. तो माझ्याकडे वळला, फेट्याला हात घालून म्हणाला, "हा खरा तुझा रे. घाल तू."

मी हात पुढे केलाही होता. पण आबा मागून म्हणाले, "बांधलेला फेटा दुसऱ्याच्या डोईवर चढवत न्हाईत. ज्येचा त्येचा असतो."

त्यानं हात खाली घेतला. त्याच्या चांगुलपणाचा मला जितका राग आला तितका त्याच्या गोलचाही आला नव्हता. लबाड असता तर मनसोक्त शिव्या तरी घालता आल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोठ्यात मी विषय काढलाच. "चेंडू म्या दिला हुता, आबा. तिघांना काढून."

"बघितलं की म्या."

"मंग?"

"तू धरून आनला, त्येनं चीत केला. चीत करील त्यो पैलवान." त्यांनी बादली माझ्या हातात दिली. "आन तोंड कशाला पाडतोस? फुडल्या वर्साला तू मार. मी हायेच की."

फुडल्या वर्साला! पुढच्या वर्षी कारखाना सुरू झाला आणि आमचा निम्मा संघ शिफ्टला लागला. पलीकडच्यांचाही लागला. कालपर्यंत एकमेकांची डोकी फोडणारे एकाच भोंग्याला एकाच फाटकातून आत जाऊ लागले, एकमेकांच्या डब्यातली चटणी खाऊ लागले. कपाची स्पर्धा पुन्हा भरली नाही. मी एकटाच कितीतरी दिवस संध्याकाळी चेंडू घेऊन नदीकाठी जायचो आणि दोन बाभळींच्या मधून गोल मारायचो. शेकड्यानं मारले असतील. बघायला आबा नव्हते.

लग्नात मला फेटा बांधला मामानं, कारण तो मामाचा मान. आबा दारात पाहुण्यांच्या पाया पडत होते. त्यानंतर वर्षभरात कोकण्याचं लग्न झालं. त्याचा मामा मुंबईहून पोचला नाही. मग काय, आबांनीच बांधला. एवढंच नाही, पुढे तालमीतल्या पोरांना फेटे बांधायला माणूस हवा म्हणून आबांनी त्याला बांध शिकवला. त्याला! फिटरचे हात, एकदा दाखवलं की यायचं. मी तेव्हा घरातच होतो, ओसरीवर. मला ये म्हणाले असते तर गेलो असतो. मीही आपणहून गेलो नाही, का जाऊ?

आबा गेले तेव्हा गाव पार बदललं होतं. त्यांच्या तेराव्याला मांडव घातला. आमच्यात त्या दिवशी मुलाला सासरच्यांनी पांढरा फेटा बांधायचा असतो. बाप गेला, आता घराचा कर्ता हा, असं चार लोकांत सांगायचं असतं. माझे सासरे थकलेले, हात कापत होते. दोन वेढे घेतले आणि फेटा सुटून माझ्या खांद्यावर आला. पुन्हा घेतले, पुन्हा सुटला. लोक चुळबुळायला लागले. सासरे म्हणाले, "कुणाला येत आसंल तर बांधा बाबांनो. मान माझा धरा."

कोकणी पुढे आला. डोक्याचे केस पांढरे झालेले, डोळे रडून सुजलेले. माझ्याहून जास्त रडला होता तो, तेही मी बघून ठेवलं होतं. तो माझ्यासमोर उभा राहिला. मी मान खाली केली, जरा पुढे झुकवून.

या खेपेला पाय बाजूला सरकले नाहीत.

वेढे उजवीकडून येत गेले. मी डोळे मिटून घेतले. शेवटचा वेढा उलटा फिरला आणि डाव्या कानाच्या वर अंगठा दाबला गेला. तसाच. तितक्याच जोरानं. आयुष्यभर जो हात मला हवा होता तो शेवटी माझ्या डोक्याला लागला, आणि तोही त्याच्याकडे होता. मी मोठ्यानं रडलो. लोकांना वाटलं बापासाठी रडतोय. बापासाठीच रडत होतो.

लोक गेले. बायको म्हणाली, "सोडा आता त्यो फेटा, घाम आलाय."

मी सोडला नाही. झोपेपर्यंत सोडला नाही, आणि झोपलोही भिंतीला टेकून, बसल्या बसल्या. एकदा सोडला की बांध गेला. मला तो येत नाही. पुन्हा हवा झाला असता तर त्याच्याच दारात जावं लागलं असतं.