पाणी बघणारी माणसं

आमचे किस्से नदीत कमी आणि काठावर जास्त घडतात. फेसाळ पाण्यात कयाक, म्हणजे एकट्यानं वल्हवायची चिंचोळी होडी, घालायची तर आधी काठावर उभं राहून पाणी बघावं लागतं. फार असलं तर ते उलटवतं, कमी असलं तर दगडावर आपटतं. आणि चार माणसं एकाच पाण्याकडं बघत उभी राहिली की वाद ठरलेला. दर वादाचा एक किस्सा होतो, आणि बघता बघता ढीग साठतो.

चौघं म्हणजे, कुंडलचा दत्ता, त्याचं ट्रॅक्टरचं गॅरेज. सुहास, कॉलेजात गणित शिकवतो. संजीवनी, फिजिओथेरपिस्ट, आमच्यात सगळ्यात भारी वल्हवणारी. आणि मी. कराडात माझं चष्म्याचं दुकान आहे, तरी लांबचं पाणी मला धड दिसत नाही. कोयना जिथं दगडांतून उड्या मारत उतरते, तिथं आम्ही रविवारी जमतो.

*

नदीच्या मधोमध एक काळा खडक आहे. आम्ही त्याला म्हैस म्हणतो. म्हशीची पाठ उघडी असली की पाणी बेताचं. पाठ बुडाली की घरी जायचं.

सुहासचा पुण्याचा मावसभाऊ एकदा पहिल्यांदाच येणार होता. तो आमच्या आधी पोचला. सुहासनं फोनवर सांगितलं, "म्हैस बघ आणि कळव."

"बुडालीय," तो म्हणाला. "नुसतं डोकं वर आहे."

सुहासनं सगळ्यांना फोन करून रविवार रद्द केला. दत्तानं परत गॅरेज उघडलं, मी दुकान. थोड्या वेळानं भावाचा पुन्हा फोन.

"अरे, आता ती उठून काठावर आलीय. मग येताय का तुम्ही?"

*

संजीवनीच्या सासूबाई कोरेगावच्या. सुनेला नदीवर सोडायला त्यांचं मन धजायचं नाही. शेवटी एका रविवारी स्वतःच आल्या. म्हणाल्या, "एवढं काय बघता ते मला दाखव तरी."

संजीवनीनं सगळं दाखवलं. हे गुळगुळीत पाणी, इथनं जायचं. ते उसळून मागं वळतंय, तिथं माणूस अडकतो. सासूबाईंनी नीट ऐकून घेतलं. मग पदर खोचला.

"अगं, मग मी त्याच्या खालच्या अंगाला पाण्यात उभी राहते. अडकलीस तर ओढायला कुणीतरी पायजे का नको?"

त्यांना पोहता येत नाही. संजीवनीनं त्यांना भक्कम काठावरनं दोर फेकायला शिकवलं. आता येतात तेव्हा तो दोर त्यांच्याच हातात असतो. मागच्या पावसाळ्यात दत्ता उलटला, तर दोर बरोबर त्याच्या छातीवर पडला. नाकातोंडात पाणी गेलेलं असतानासुद्धा दत्ता म्हणाला, "आवं आत्या, हळू वढा."

"गप बस. आधी काठाला लाग, मग बोल."

*

एकदा धरणातनं पाणी सोडणार असल्याचा निरोप आला. ते आमच्यापर्यंत कधी पोचेल, याचं गणित सुहासनं मांडलं. त्याच्या हिशोबाप्रमाणं आम्ही हेल्मेट घालून तयार बसलो. नदीत नुसते दगड. वेळ टळून गेली. जेवणं झाली.

दत्ता म्हणाला, "सर, पानी काय तुमच्या वर्गात बसत न्हाई. येळेवर कसं येईल?"

आम्ही होड्या जीपच्या टपावर बांधल्या. सुहासला मात्र चैन पडेना. "वरचं वळण बघून येतो," म्हणत तो दगडांवरनं पार मधल्या खडकावर गेला. आणि पाणी तेव्हाच आलं. आधी आवाज, मग पानं-काटक्या, मग दोन्ही बाजूंनी धार. सुहास मधोमध, खडक लहान होत चाललेला.

संजीवनीनं दोर सोडवून कयाक कधी उतरवली ते मला कळलंसुद्धा नाही. तिनं त्याला होडीच्या शेपटाला धरायला लावलं आणि तिरकं वल्हवत आणलं. दत्तानं स्वतःचा कोरडा शर्ट काढून त्याच्या अंगात घातला, बटणंसुद्धा लावली. सुहासचे दात वाजत होते. आम्हाला वाटलं, आता हा नदीचं नाव काढत नाही.

"मी," तो म्हणाला, "वाटेतले डोह हिशोबात धरलेच नव्हते."

*

त्यानंतर कधीतरी सुहासचे वडील गेले. दिवस झाल्यावरच्या पहिल्याच रविवारी तो नदीवर आला. "घरात बसवत नाही," एवढंच म्हणाला.

पाणी सुरेख होतं. पाणी जिथं टेकतं तिथं काठाला आम्ही एक काडी खोचतो. काडी बुडायला लागली की पाणी चढतंय. काडी होती तिथं कोरडी होती. संजीवनी तयार, मी तयार. सुहास हेल्मेटचा पट्टा लावत होता. लावला, काढला, परत लावायला लागला. लाइफ जॅकेट त्यानं उलटं घातलं होतं.

आमच्यात एक नियम आहे. एकानं जरी नको म्हटलं तरी कुणी उतरायचं नाही, आणि कारणावरनं वाद घालायचा नाही. दत्तानं तोवर कधीच नको म्हटलेलं नव्हतं. गढूळ पाण्यातसुद्धा त्याला आम्हालाच आवरावं लागतं.

त्या दिवशी दत्ताच म्हणाला, "आज नको गड्या. पानी चढाय लागलंय."

संजीवनीनं काडीकडं बघितलं. मग वाकून ती उपटली आणि धारेत टाकून दिली.

"होड्या बांधा," ती म्हणाली.

परतताना सुहास पुढं, दत्ताशेजारी बसला. रस्ता नदीच्या कडेकडेनंच जातो. तो बराच वेळ खिडकीतनं पाणी बघत होता.

"दत्ता, पाणी खरंच चढत होतं का रे?"

"लय," दत्ता म्हणाला.

सुहासनं मागं वळून संजीवनीकडं बघितलं.

"लय," ती म्हणाली.